मोझांबिकचा टेटे प्रांत : जमीन, माणसे आणि अर्थव्यवहार यांविषयी काही प्रश्न

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ खाण अभियंता आहे. पुढील महिन्यात तो मोझांबिकच्या टेटे प्रांतात, मोआतिझे येथील एका कोळसा खाणीवर, तीन वर्षांच्या करारावर रुजू होत आहे. त्याची निवड झाल्यापासून घरात नकाशा पसरलेलाच आहे, आई रोज रात्री त्यावर बोट ठेवून "इथून समुद्र किती लांब?" असे विचारते आणि आमच्यापैकी कोणालाही नीट उत्तर देता येत नाही. जी माहिती हाती लागते ती एकतर कंपन्यांच्या अहवालांतील उत्पादनाच्या आकड्यांची असते किंवा पूर आणि उष्म्याच्या बातम्यांची. या दोहोंच्या मधला जो प्रदेश आहे, म्हणजे तेथील जमीन, माणसे आणि त्यांचा रोजचा व्यवहार, त्याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

मला पडलेले प्रश्न साधे आहेत. हा प्रांत झांबिया, झिंबाब्वे आणि मलावी या तीन देशांमध्ये पाचर ठोकल्यासारखा का दिसतो? तेथे राहणारे लोक कोण, आणि ते कोणती भाषा बोलतात? आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक आणि कोळशाचे प्रचंड साठे एकाच प्रांतात असतानाही तो गरीब का गणला जातो? शेवटचा प्रश्न कदाचित अस्थानी वाटेल. आमच्या शेजारच्या गोव्याच्या आजी म्हणतात की त्यांच्या गावातील लोक पूर्वी "मोसांबिकला" जात असत. ते सारे किनाऱ्यावरच राहिले, की या आतल्या मुलखाशीही गोव्याचा काही संबंध आला होता?

प्रतिसाद 1 – नकाशावेडा

प्रथम आपल्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मोझांबिकला सुमारे 2,500 किलोमीटर लांबीचा किनारा लाभला असला, तरी टेटे, मानिका आणि न्यासा या तीन प्रांतांना समुद्र नाही. मोआतिझेहून सर्वांत जवळचे मोठे बंदर बेइरा, आणि तेथपर्यंतचा रेल्वेमार्ग सुमारे 575 किलोमीटरचा आहे. देशाची राजधानी मापुतो मात्र रस्त्याने 1,500 किलोमीटरच्या आसपास पडते. त्या मानाने झिंबाब्वेचे हरारे आणि मलावीचे ब्लँटायर ही दोन्ही शहरे टेटेकरांना कितीतरी जवळची आहेत. हे अंतर ध्यानात ठेवले म्हणजे प्रांताच्या पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे 1 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाएवढे आहे. 2017 च्या जनगणनेनुसार तेथे 25 लाखांहून अधिक लोक राहतात. झांबेझी नदी लुआंग्वा नदीच्या संगमापाशी, झुंबो या गावाजवळ, मोझांबिकमध्ये शिरते आणि संपूर्ण प्रांत पश्चिमेकडून आग्नेयेकडे चिरत जाते. आपण ज्याला पाचर म्हणता तो आकार या नदीमुळेच आला. पोर्तुगीज व्यापारी 1530 च्या दशकापासून सोन्याच्या शोधात नदीच्या वरच्या अंगाला सरकत गेले. आधी सेना, मग टेटे आणि अठराव्या शतकाच्या आरंभी झुंबो अशी त्यांची ठाणी पडली. त्यांचे सारे बळ काठावरच होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगालने अंगोला आणि मोझांबिक सलग जोडणारा "गुलाबी नकाशा" रंगवला, तेव्हा ब्रिटनने जानेवारी 1890 मध्ये निर्वाणीचा खलिता धाडून तो मनसुबा मोडून काढला, आणि जून 1891 च्या तहात दोन्ही बाजूंची उंच, थंड पठारे बहुतांशी ब्रिटिशांकडे जाऊन पोर्तुगालच्या वाट्याला मुख्यतः नदीचे खोरे राहिले.

अपवाद ईशान्येकडच्या आंगोनिया पठाराचा. टेटे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर उंचीवर, रुक्ष झुडपांच्या आणि गोरखचिंचेच्या अजस्र झाडांच्या मुलखात वसले आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथील पारा 40 अंशांच्या वर जातो. तेथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर असलेले आंगोनिया 1,000 ते 1,500 मीटर उंचीवर आहे. तेथे माती तांबडी, पाऊस भरवशाचा आणि जून-जुलैच्या रात्री चांगल्याच गार. आपल्या बंधूंना दोन्ही प्रकारचे कपडे लागतील, एवढे मात्र सांगून ठेवतो.

प्रतिसाद 2 – भूगर्भ

कोळशाविषयी लिहितो, कारण सध्याच्या टेटेचे चित्र कोळशाशिवाय पुरे होत नाही.

मोआतिझेचा कोळसा कारू या खडकसमूहातील, म्हणजे सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातला. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ही सारी भूमी जेव्हा गोंडवन या एकाच महाखंडात होती, त्या काळातील दलदलींमध्ये तो तयार झाला. झरियाचा आणि आपल्या वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूर-वणीकडचा, कोळसा त्याच काळातला. तेव्हा आपले बंधू एका अर्थाने ओळखीच्याच खडकात काम करणार आहेत. फरक आहे तो प्रतीचा आणि जाडीचा. मोआतिझेतील चिपांगा हा मुख्य थर काही ठिकाणी 30 मीटरहून अधिक जाडीचा असून त्यातून पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा मिळतो, ज्याची भारताला कायम टंचाई भासते.

येथे खाणकाम 1920 च्या दशकापासून चालू आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच, 1976 आणि 1977 मध्ये, भूमिगत खाणींत झालेल्या स्फोटांत मिळून शंभराहून अधिक कामगार दगावले. त्यानंतरच्या यादवी युद्धात रेल्वेमार्गच उद्ध्वस्त झाल्याने खाणी जवळपास बंद पडल्या. खरी धावपळ सुरू झाली ती 2004 नंतर. ब्राझीलच्या वाले कंपनीला मोआतिझेचा परवाना मिळाला आणि 2011 मध्ये तिचा कोळसा निर्यात होऊ लागला. त्याच वर्षी रिओ टिंटो कंपनीने शेजारच्या बेंगा खाणीसह रिव्हर्सडेल ही ऑस्ट्रेलियन कंपनी सुमारे 4 अब्ज डॉलरला विकत घेतली. त्या व्यवहारामागचा हिशेब असा होता की कोळसा नावांतून, झांबेझीच्या पात्रातून, थेट समुद्रापर्यंत नेता येईल. मोझांबिक सरकारने पर्यावरणाच्या कारणास्तव ती परवानगी नाकारली, साठाही अपेक्षेपेक्षा कमी निघाला, आणि 2013 च्या आरंभी कंपनीला सुमारे 3 अब्ज डॉलरची किंमत कागदोपत्री पुसून टाकावी लागली. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. 2014 मध्ये तीच मालमत्ता भारतीय सार्वजनिक कंपन्यांच्या आयसीव्हीएल या संयुक्त कंपनीने अवघ्या 5 कोटी डॉलरला घेतली. बेंगामध्ये टाटा स्टीलचा 35 टक्के वाटा आधीपासूनच होता. पुढे 2022 मध्ये वालेनेही आपली खाण आणि नाकाला बंदराकडे जाणारा रेल्वेमार्ग जिंदाल समूहातील व्हल्कन कंपनीला विकून काढता पाय घेतला. चिरोदझी येथील जिंदालांची खाण 2013 पासून आहे. थोडक्यात, आज मोआतिझेच्या मोठ्या खाणींची मालकी बव्हंशी भारतीयांकडे आहे.

वाहतूक हीच येथील कोळशाची खरी किंमत. बेइराकडे जाणारी सेना लाइन युद्धानंतर पुन्हा उभारण्याचे कंत्राट 2004 मध्ये राइट्स आणि इरकॉन या भारतीय कंपन्यांच्या गटाकडे गेले होते; काम रेंगाळल्यावरून वाद झाला आणि सरकारने तो करार संपुष्टात आणला. ती लाइन अपुरी पडते म्हणून मलावीतून आरपार जाणारा 912 किलोमीटरचा नाकाला मार्ग बांधला गेला, ज्याचे औपचारिक उद्घाटन 2017 मध्ये झाले. स्वतःच्याच देशातील बंदरावर माल न्यायला परक्या देशातून जावे लागावे, असा हा भूगोल आहे.

गरिबीबद्दलच्या प्रश्नाचे एक उत्तर पुनर्वसनात सापडते. 2009-10 मध्ये वालेच्या खाणीसाठी 1,365 कुटुंबे हलवण्यात आली. शेती करणारी बहुतेक कुटुंबे सुमारे 40 किलोमीटर दूर काटेमे येथे गेली. तेथील जमीन कोरडी, पाणी अपुरे आणि बाजार लांब. नव्या घरांना तडे गेले. जानेवारी 2012 मध्ये या लोकांनी कोळशाचा रेल्वेमार्ग अडवला, तेव्हा कुठे देशाचे लक्ष तिकडे गेले. मोआतिझेतील वीटभट्टीवाल्यांचा प्रश्न तर अधिकच अवघड होता. मोझांबिकमध्ये जमीन सरकारच्या मालकीची असते, लोकांकडे केवळ वापराचा हक्क असतो, आणि नदीकाठच्या मातीवर पिढीजात विटा पाडणाऱ्याच्या बुडालेल्या उत्पन्नाचे मोल कसे करायचे, यावरून 2013 मध्ये त्यांनी खाणीची वाट रोखून धरली होती.

कृष्णाकाठ

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. आईला अंतराचे उत्तर दिले. तिचे म्हणणे असे की 575 किलोमीटर म्हणजे "काही फार नाही". गोंडवनाचा धागा भावाला विशेष आवडला, कारण त्याची पहिली नोकरी वणीलाच होती. गोव्याविषयीच्या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकेल का?

प्रतिसाद 3 – बार्देसकार

आपला प्रश्न मुळीच अस्थानी नाही. उलट टेटेचा इतिहास गोव्याला वगळून सांगताच येत नाही. (पोर्तुगीज उच्चार "तेते" असा आहे, परंतु मराठीत "टेटे" रुळले असल्याने मीही तेच लिहितो.)

1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. मांडवीकाठी बसलेले सरकार झांबेझीकाठचे सुभेदार नेमत असे. त्याही आधी, 1560 मध्ये, गोन्सालो दा सिल्वेइरा हा जेझुइट पाद्री गोव्याहूनच निघून झांबेझीच्या दक्षिणेकडील मुतापा राजाच्या दरबारी पोहोचला होता, आणि 1561 मध्ये तेथेच मारला गेला. सोने आणि हस्तिदंत बाहेर जाई, आणि मोबदल्यात हिंदुस्थानातील कापड व मणी आत येत. दीव-दमणकडील वाणी व्यापारी या व्यवहारात अग्रेसर होते.

पोर्तुगीज राजवट नदीकाठच्या जमिनी "प्राझो" या पद्धतीने देत असे, म्हणजे तीन पिढ्यांच्या मुदतीने, खंडावर. वसई ते दमण या उत्तर फिरंगाणातील गावेही पोर्तुगीजांनी अशाच मुदतीच्या बोलीवर दिली होती, त्यामुळे वसईचा इतिहास वाचलेल्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही. झांबेझीवर तिला एक चमत्कारिक वळण मिळाले. येथे प्राझो स्त्रियांच्या नावे दिले जात आणि मुलीकडून मुलीकडे उतरत. अट एवढीच की त्या स्त्रीने पोर्तुगीज पुरुषाशी लग्न करावे. युरोपातून येणारे पुरुष हिवतापाने भराभर मरत, आणि मागे राहिलेल्या "दोना" शेकडो गुलामांसह जहागिरी सांभाळत. गोव्याहून आलेल्या कुटुंबांनी या घराण्यांशी सोयरिकी केल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत हे सारे लोक रंगाने, भाषेने आणि रीतीरिवाजांनी पुरते आफ्रिकी होऊन गेले. स्थानिक लोक त्यांना "मुझुंगू" म्हणत.

एकच उदाहरण देतो. गोन्सालो काएतानो परेरा हा गोमंतकीय अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टेटेच्या उत्तरेला सोन्याच्या आणि व्यापाराच्या शोधात गेला. लोक त्याला "दोंबोदोंबो" म्हणत, म्हणजे थरकाप उडवणारा. त्याचा मुलगा मानुएल 1796 मध्ये पार उत्तरेकडे, आजच्या झांबियातील काझेंबेच्या राज्यापर्यंत जाऊन आला, आणि 1798 मध्ये गव्हर्नर लासेर्दा याने तिकडे मोहीम काढली तेव्हा वाट दाखवायला परेरा सोबत होता. पुढे या घराण्याने माकांगा येथे स्वतःचे राज्यच स्थापले. त्या भागातील चेवा समाजाच्या सरदारांप्रमाणे त्यांचा राज्याभिषेक होई, आणि 1902 मध्ये पोर्तुगीज फौजेने मोडून काढेपर्यंत ते राज्य टिकले. माकांगा हा आज टेटेचा एक जिल्हा आहे.

हे सांगताना अभिमानाचा सूर लागू नये म्हणून दुसरी बाजूही लिहितो. या जहागिरी गुलामांच्या जिवावर चालत, आणि सोने आटल्यावर यांतील अनेक घराण्यांनी माणसांचाच व्यापार केला. त्यात गोमंतकीय मागे नव्हते. जहागिरदारांच्या गुलाम-सैनिकांना "चिकुंडा" म्हणत. गुलामी संपल्यावर तेच लोक हत्तींचे शिकारी, नावाडी आणि व्यापारी म्हणून नदीच्या वरच्या अंगाला पसरले, आणि झुंबोच्या बाजूला स्वतःला चिकुंडा म्हणवणारा समाज आजही आहे. आपल्या शेजारच्या आजींच्या गावचे लोक मात्र बहुधा विसाव्या शतकात, कारकून किंवा रेल्वे कर्मचारी म्हणून, बेइरा-मापुतोकडे गेले असावेत. तो अध्याय वेगळा.

प्रतिसाद 4 – विद्युतवाहिनी

धरणाचा विषय कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. मी निवृत्त वीज अभियंता आहे आणि काहोरा बासाची पारेषण वाहिनी हा आमच्या पिढीतील अभियंत्यांच्या कौतुकाचा विषय होता.

स्थानिक न्युंग्वे भाषेत "काहोरा बासा" म्हणजे "काम संपले", असा अर्थ सांगितला जातो; खालून नावा वल्हवत येणाऱ्या नावाड्यांचे काम या धबधब्यांपाशी खुंटत असे. 1858 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आगबोट घेऊन आला, तेव्हा झांबेझी हा आफ्रिकेच्या पोटात जाणारा जलमार्ग होईल ही त्याची आशाही याच घळीत बुडाली. तीच घळ धरणासाठी आदर्श ठरली. पोर्तुगीजांनी 1969 मध्ये बांधकाम सुरू केले, त्या वेळी टेटेत फ्रेलिमो या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेचा सशस्त्र लढा पेटलेला होता. डिसेंबर 1974 मध्ये, म्हणजे मोझांबिक स्वतंत्र होण्याच्या अवघे सहा महिने आधी, पाणी अडवले गेले. जलाशय सुमारे 250 किलोमीटर लांब आहे, आणि त्यासाठी 25 हजारांहून अधिक लोकांना काठ सोडावा लागला.

वीजगृहात 415 मेगावॅटचे पाच संच, एकूण 2,075 मेगावॅट. हे वीजगृह बांधतानाच दक्षिण आफ्रिकेसाठी बांधले होते. धरणाजवळच्या सोंगो येथे वीज एकदिश (डीसी) प्रवाहात बदलून सुमारे 1,400 किलोमीटर दूर, जोहान्सबर्गजवळच्या अपोलो केंद्रापर्यंत नेली जाते. इतक्या लांब अंतराला एकदिश प्रवाहच परवडतो, कारण त्यात गळती कमी. परंतु त्याचा एक परिणाम सामान्य वाचकाच्या लक्षात येत नाही. अशा वाहिनीला वाटेत फाटा काढता येत नाही. त्यासाठी परिवर्तक केंद्रच उभारावे लागते आणि त्याचा खर्च एखाद्या खेड्यासाठी करणे शक्य नसते. म्हणून ज्यांच्या शेतातून हे मनोरे जातात त्यांच्या घरात त्या तारांतून दिवा लागू शकत नाही. राजधानी मापुतोलाही टेटेची वीज दक्षिण आफ्रिकेच्या जाळ्यातून वळसा घेऊनच मिळते. टेटे शहर आणि उत्तरेकडील प्रांत यांच्यासाठी वेगळ्या प्रत्यावर्ती (एसी) वाहिन्या आहेत, आणि झिंबाब्वेलाही वीज जाते, पण मोठा वाटा दक्षिणेकडेच.

यादवी युद्धात रेनामोच्या बंडखोरांनी सुमारे 1,900 मनोरे पाडले आणि हे अवाढव्य यंत्र दीड दशकभर जवळजवळ निकामी पडून राहिले. वीजपुरवठा 1997-98 मध्ये पूर्ववत झाला. मालकी तोवर पोर्तुगालकडेच, 82 टक्के, होती. नोव्हेंबर 2007 मध्ये मोझांबिकने आपला वाटा 85 टक्क्यांवर नेला आणि त्यासाठी 95 कोटी डॉलर मोजले. म्हणजे आपल्याच नदीवरचे धरण विकत घ्यायला देशाला स्वातंत्र्यानंतर 32 वर्षे लागली. आता त्याच्या 60 किलोमीटर खाली म्फांदा न्कुवा येथे 1,500 मेगावॅटचे दुसरे धरण योजले आहे.

प्रतिसाद 5 – रानवाट

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, मात्र "भूगर्भ" यांच्या "कोळशाशिवाय चित्र पुरे होत नाही" या विधानाशी मी अर्धाच सहमत आहे. निर्यातीच्या आकड्यांत कोळसा आणि वीज यांचा वाटा मोठा असला, तरी प्रांतातील बहुसंख्य माणसे त्या दोहोंवर जगत नाहीत. खुल्या खाणीत अजस्र यंत्रे असतात आणि माणसे थोडी. टेटेची माणसे मका, ज्वारी, शेळ्या, तंबाखू, बटाटे आणि सुकी मासळी यांवर जगतात, आणि त्यांचा सारा व्यवहार सीमांच्या आरपार चालतो.

आंगोनिया आणि त्सांगानो या मलावीलगतच्या जिल्ह्यांचेच पाहा. देद्झा ते न्चेऊ हा मलावीचा महामार्ग कित्येक किलोमीटर थेट सीमारेषेवरून जातो. रस्त्याच्या एका बाजूला मलावी, दुसऱ्या बाजूला मोझांबिक. बाजाराच्या दिवशी बटाटे, कांदे, कोबी आणि घेवडा घेऊन लोक रस्ता ओलांडतात, आणि दोन्ही देशांच्या चलनांत भाव होतो. दोन्ही बाजूंना भाषा एकच, चेवा ऊर्फ न्यांजा. यादवी युद्धाच्या काळात दहा लाखांहून अधिक मोझांबिकी निर्वासित मलावीत होते, त्यांत टेटेचे लोक मोठ्या संख्येने होते, आणि 1992 च्या शांतता करारानंतर ते परतले तेव्हा सोबत नातीगोती आणि गिऱ्हाइकेही घेऊन आले. सरकारी दप्तरात हा व्यापार फारसा उमटत नाही, म्हणून अहवाल वाचणाऱ्याला तो दिसत नाही.

खोऱ्याची तऱ्हा निराळी. तेथे पाऊस कमी आणि लहरी, म्हणून शेळी हीच बँक. टेटेचे बोकड देशभर नावाजलेले आहे. गोरखचिंचेच्या फळांचा आंबट गर, ज्याला तेथे "मलांबे" म्हणतात, तो खोऱ्यात दुष्काळी दिवसांत पोट सांभाळतो आणि आता पोत्यांनी शहरात विकला जातो. काहोरा बासाच्या जलाशयात "कापेंता" नावाची बोटभर मासळी मिळते. ती मूळची टांगानिका सरोवरातली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ती वरच्या करिबा जलाशयात सोडण्यात आली आणि तेथून प्रवाहाबरोबर आपसूक खाली उतरली. रात्री तराफ्यांवर दिवे लावून तिला आकर्षित करतात आणि सकाळी सुकवतात. दिसायला आणि वासाला आपल्या सुक्या मांदेलीची आठवण व्हावी. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि त्यासोबत कापेंताचे कालवण हे तिकडचे रोजचे जेवण. तंबाखूचे पीक माकांगा आणि आंगोनियाच्या बाजूला कराराने घेतले जाते, आणि त्याच्या प्रक्रियेचा मोठा कारखाना टेटे शहरात आहे.

लोकांविषयी विचारलेत. टेटे शहराभोवती न्युंग्वे, ईशान्येला चेवा आणि एन्गोनी, पश्चिमेला न्सेंगा आणि तावारा, तर आग्नेयेला मुताराराच्या बाजूला सेना. ढोबळमानाने झांबेझीच्या उत्तरेकडील समाज मातृवंशीय आहेत. तेथे वारसा आईकडून चालतो आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. आपल्याकडे घरजावई म्हणून जो टोमणा मारला जातो, तो तेथे मारता येणार नाही. एन्गोनी हे मूळचे पार दक्षिणेचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झुलू साम्राज्याच्या उदयाच्या धामधुमीत त्यांच्या टोळ्या उत्तरेकडे सरकल्या. झ्वांगेंडाबाच्या टोळीने नोव्हेंबर 1835 मध्ये झांबेझी ओलांडली त्या दिवशी सूर्यग्रहण होते, म्हणून ती तारीख इतिहासकारांना नेमकी ठाऊक आहे. दुसऱ्या, मासेको शाखेचे लोक बऱ्याच भटकंतीनंतर दोमुए डोंगराभोवती स्थिरावले, आणि त्यांच्यावरूनच आंगोनिया हे नाव पडले. जिंकणारे ते, पण त्यांनी चेवा स्त्रियांशी लग्ने केली आणि नातवंडे आजीची भाषा बोलू लागली. चेवांचा मुखवट्यांचा "गुले वामकुलू" हा विधिनृत्याचा प्रकार मलावी, झांबिया आणि मोझांबिक यांच्या नावे युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती पुनर्वसनाच्या कहाणीपेक्षा कमी सांगितली जाते. जलाशयाच्या दक्षिण काठावर मागोए जिल्ह्यात, बावा या गावी, 1990 च्या दशकाच्या मध्यात "चुमा चातो", म्हणजे "आमची संपत्ती", नावाचा उपक्रम सुरू झाला. तेथे परदेशी शिकारी येत आणि त्यांच्या शुल्कातील एक पैसाही गावाला मिळत नसे. हत्ती शेत तुडवणार, आणि त्याच हत्तीचे पैसे राजधानीत जाणार. बाचाबाचीनंतर ठरले की शिकारीच्या शुल्काचा 33 टक्के वाटा गावाकडे यावा. कोळशाच्या बाबतीत जेव्हा अशी तरतूद झाली, तेव्हा 2013 पासून खाणींच्या उत्पादन करातील 2.75 टक्के त्या भागातील लोकांसाठी राखले जाऊ लागले. 33 आणि 2.75 हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

भूगर्भ

"रानवाट" यांची दुरुस्ती मान्य आहे. फक्त एवढे नोंदवतो की शिकारीचे शुल्क आणि खाणीचा कर यांची रक्कम सारखी नसते, त्यामुळे टक्क्यांची तुलना जपून करावी. शिवाय 2011 मध्ये कोकिंग कोळशाचा भाव टनामागे 300 डॉलरच्या वर होता आणि 2016 च्या आरंभी तो 100 च्याही खाली आला होता. कराची टक्केवारी कितीही असली, तरी भावाचा हेलकावा प्रांताला सोसावाच लागतो. त्या पडत्या काळात टेटे शहरात भाड्याची घरे आणि हॉटेले रिकामी पडली होती.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. भावाने सर्व प्रतिसाद छापून घेतले आहेत. त्याचे शेवटचे दोन प्रश्न आहेत. त्याने पोर्तुगीजची शिकवणी लावली आहे, ती पुरेशी ठरेल का? आणि राहण्याची सोय टेटे शहरात व काम मोआतिझेला असे असेल, तर ये-जा सोयीची आहे का?

रानवाट

कार्यालयात पोर्तुगीज पुरेल. खाणीवरचे कामगार आपसात मात्र न्युंग्वेत बोलतील, आणि बाजारात भाव करायचा असेल तर दहा-वीस न्युंग्वे शब्द पोर्तुगीजच्या संपूर्ण व्याकरणापेक्षा अधिक कामी येतात. न्युंग्वे आणि चेवा या जवळच्या भाषा असल्याने एक कानावर पडत राहिली की दुसरीही थोडीफार कळू लागते, आणि सुटीत मलावीला गेल्यास ती उपयोगी पडते.

टेटे शहर मुख्यतः झांबेझीच्या उजव्या काठावर आहे आणि मोआतिझे पलीकडे, सुमारे 20 किलोमीटरवर. शहरातला झुलता पूल 1973 चा असून हरारेहून ब्लँटायरकडे जाणारे मालमोटारींचे तांडे पूर्वी त्याच्यावरूनच जात. 2014 मध्ये खालच्या अंगाला कासुएंदे पूल झाल्यापासून तेथील खोळंबा कमी झाला आहे. खरी अडचण दोन्ही शहरांच्या मध्ये असलेल्या रेवुबुए नदीची. जानेवारी 2022 मध्ये आना वादळाच्या पुराने तिच्यावरील पुलाचे नुकसान केले आणि वाहतूक अडली. डिसेंबर ते मार्च या पावसाळी महिन्यांत शक्य असेल तर मोआतिझेच्याच बाजूला मुक्काम ठेवावा.